उरली ती ढकलाढकली

वरवंडच्या म्हस्कू कोकरेनं आयुष्यात एकच कुस्ती जिंकली होती, आणि तीही समोरच्या पोराचा लंगोट सुटला म्हणून. गावच्या जत्रेत लहान पोरांच्या रेवड्यांवर कुस्त्या लागल्या होत्या. म्हस्कू तेव्हा बारा वर्षांचा. हलगी वाजली, दोघांनी अंगाला माती चोळली, हाताला हात भिडला, आणि दुसऱ्याच क्षणी ते पोरगं दोन्ही हातांनी लंगोट सावरत आखाड्याबाहेर पळालं ते थेट आईच्या पदरात. पंचानं म्हस्कूचा हात वर केला. म्हस्कूनं मूठभर रेवड्या खाल्ल्या, घरी गेला आणि पैलवान झाला. पुढं चौतीस वर्षं तो पैलवानच होता. कुस्ती तेवढी परत खेळला नाही.

म्हणजे खेळायचं मनात नव्हतं असं नाही. आण्णा वस्तादांच्या तालमीत तो महिनाभर गेलाही. पण तालमीत पहाटे उठावं लागतं, पाचशे जोर काढावे लागतात आणि दुसरी पोरं मानेवर बसतात. म्हस्कूला हे तिन्ही मानवलं नाही. मग तो तालमीच्या बाहेरच्या कट्ट्यावर बसून आत खेळणाऱ्यांना डाव सांगू लागला. "आरं ढाक लाव, ढाक!" असं तो बाहेरून ओरडायचा आणि आतलं पोरगं ढाक लावायला जाऊन चितपट व्हायचं. आण्णांनी एकदा त्याला बोलावून विचारलं, "म्हस्कू, तुला पैलवान व्हायचंय का पैलवानाचा रेडिओ?" म्हस्कूनं ते मनावर घेतलं नाही. मोठी माणसं बोलायचीच.

बापानं मेंढरं मोडून कालव्याच्या पाण्याखाली थोडी जमीन केली होती, ती धाकट्या भावानं सांभाळली. म्हस्कू शिरूर तालुक्यातल्या एका कारखान्यात सिक्युरिटीत लागला आणि मिशी व पोट एकाच वेगानं वाढत गेल्यावर सुपरवायझर झाला. कंपनीची बस सकाळी दौंडहून निघायची, पाटस करून वरवंडला म्हस्कूला उचलायची, चौफुल्याला वळायची, पारगावला भीमेचा पूल ओलांडून शिरूर तालुक्यात शिरायची. जायला सव्वा तास, यायला सव्वा तास. आणि या अडीच तासांचा म्हस्कूचा जोडीदार म्हणजे पॉल उजागरे.

पॉल दौंडचा. रेल्वे लाइनीच्या कडेच्या ख्रिस्ती वस्तीत तीन पिढ्या गेलेल्या. कंपनीत तो स्टोअरला होता. त्याच्याकडे कराटेचा ब्राऊन बेल्ट होता. होता म्हणजे खिळ्याला होता. दोन हजार तीन साली त्यानं परीक्षा दिली, एका फटक्यात मंगलोरी कौल फोडलं, आणि त्या कौलाचा किस्सा पुढं वीस वर्षं पुरवला. चर्चच्या आवारात पडलेलं ते कौल आधीच तडकलेलं होतं, हे त्याचा चुलतभाऊ फिलिपसर हसत हसत सांगायचे. फिलिपसर दौंडला कराटेचा क्लास चालवत. खरे शिकवणारे. त्यामुळं ते कराटेबद्दल फारसं बोलत नसत.

बोलायचं काम पॉलकडं होतं. म्हस्कू बसमध्ये चढला की पॉल सरकून जागा करायचा, आणि पाटीवर 'चौफुला' दिसायच्या आत जुंपायची.

"कुस्तीवाला एकदा चिकटला का विषय संपला," म्हस्कू सुरू करायचा. "मग तुमच्या लाथा हवेत."

"चिकटणार कधी, म्हस्कूभाऊ? जवळ येण्याआधीच बरगडीत बसलेली असेल."

"एक लाथ खाईल पैलवान. काय हुतंय?"

"बरगडी मोडते, असं होतं."

"पैलवानाची न्हाई मोडत."

"का? पैलवानाला बरगडी नसते?"

अकरा वर्षं हे चाललं होतं. मागच्या सीटवरची माणसं झोपायची, पुढची गालात हसायची, आणि या दोघांचा दिवस मजेत सुरू व्हायचा. त्यात कुणाचं काही वाकडं होत नव्हतं. दोघांनाही आतून ठाऊक असावं, की ज्याच्यावर आपण भांडतोय त्यातलं आपल्याला आता काही येत नाही. म्हणून तर भांडण इतकं छान चालायचं. ज्याला येतं त्याला चुकायची भीती असते.

बिघडलं ते मार्च महिन्यात. एक मालट्रक दोन दिवस कंपनीच्या गेटबाहेर उभा होता. माल उतरवून घ्यायला कुणी तयार नाही, कागदात काहीतरी खोट. तिसऱ्या दिवशी दुपारी त्या ट्रकचा ड्रायव्हर, एक दांडगा बिहारी माणूस, हातात चाक खोलायची लोखंडी टॉमी घेऊन गेटमधून आत आला आणि सिक्युरिटी केबिनची काच त्यानं एका घावात खाली आणली. केबिनमध्ये म्हस्कू होता. पावती द्यायला आलेला पॉलही होता. म्हणजे कुस्तीही हजर होती आणि कराटेही. कुस्ती टेबलाखाली गेली. कराटे मागच्या दारानं स्टोअरकडं गेलं, आणि जाताना त्यानं दाराला बाहेरून कडी घातली. सवयीनं, असं पॉल नंतर म्हणाला.

राहिली कुशाबाई. ही पारगावची, चाळिशी ओलांडलेली लेडी गार्ड. बायकांच्या पिशव्या तपासायच्या एवढंच तिचं काम. ती स्टुलावरून उठली, त्या ड्रायव्हरच्या समोर गेली आणि म्हणाली, "भैया, पानी पिव. दो दिन से जेवण नहीं किया ना तुमने?"

त्यानं टॉमी वर उचललेली. ती तशीच वर राहिली.

"घर में माँ है क्या? क्या नाम माँ का?"

ड्रायव्हरनं काय नाव सांगितलं ते कुणाला ऐकू आलं नाही, पण सांगितलं. मग कुशाबाईनं त्याच्या मनगटाला धरून टॉमी खाली घेतली, त्याला स्टुलावर बसवलं, आपला डबा उघडून दिला. भाकरी आणि मेथी. तो खाता खाता रडायला लागला. साहेब खाली आले, कागदाची खोट निस्तरली, संध्याकाळी ट्रक रिकामा होऊन गेला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी अहवाल मागवला म्हणून म्हस्कू सीसीटीव्ही बघत बसला. टेबलाखालचा भाग कॅमेऱ्यात येत नव्हता, त्यामुळं तो निश्चिंत होता. पॉल, स्टोअरचा सुरज आणि आणखी दोघं-चौघं मागं उभे होते. कुशाबाईनं मनगट धरलं तिथं म्हस्कूनं चित्र थांबवलं.

"हे बघा. ही पकड. मनगटाची पकड म्हंजी निव्वळ कुस्ती."

"पाय बघा तिचे," पॉल म्हणाला. "डावा पुढं, उजवा मागं, गुडघा थोडा वाकलेला. हा कराटेचा पवित्रा आहे, म्हस्कूभाऊ. लहान पोरगं सांगेल."

"तिचा गुडघा दुखतोय म्हून वाकलाय."

"मग पकड पण तिनं पडू नये म्हणून धरली असेल."

कुशाबाई दारातच उभी होती. कुणी तिला विचारलं नाही. शेवटी तीच बोलली. "मी त्येला त्येच्या आईचं नाव इचारलं. ते न्हाई का दिसत तुमच्या टीव्हीत?"

"आवाज येत न्हाई त्यात," म्हस्कू म्हणाला आणि परत मनगटाकडं वळला.

तासभर झाला तरी दोघं तिथंच. तेव्हा कुशाबाईला वीट आला. "असं करा, एकदाचं तुम्ही दोघं मैदानात उतरा आन् काय ते मिटवून टाका. आमचे कान तरी सुटतील."

ती वैतागून बोलली होती. पण सुरज तिथं होता, आणि सुरजच्या हातात मोबाइल होता. सुरजचं स्वतःचं मत असं की कुस्ती आणि कराटे दोन्ही म्हातारं झालं, आता पिंजऱ्यातली फाइट आली, तीच खरी. ती त्यानं मोबाइलवर पुष्कळ पाहिली होती. संध्याकाळची बस पुलावर यायच्या आत 'कोण भारी' नावाचा ग्रुप तयार होऊन त्यात साठ माणसं आली. रविवारही ठरला. म्हस्कू आणि पॉल एकमेकांकडं बघत राहिले. दोघांपैकी एकानं जरी तेव्हा "सोडा रे" म्हटलं असतं तर दुसरा त्याच्या पाया पडला असता. पण आधी म्हणायचं कुणी?

मग नियम ठरवायला बैठका सुरू झाल्या. कॅन्टीनमध्ये, जेवणानंतर. पहिल्या दिवशी म्हस्कूनं सांगितलं, "बुक्की न्हाई, लाथ न्हाई. पाठ टेकली की हारला."

"म्हणजे मी कुस्तीच खेळायची," पॉल म्हणाला. "मग मी सांगतो. धरायचं नाही. हात लावून लगेच सोडायचं. गुण मोजायचे."

"धरायचं न्हाई तर मी काय, टाळ्या वाजवू?"

दुसऱ्या दिवशी जमिनीवर अडलं. म्हस्कूला माती पाहिजे, पॉलला सपाट फरशी. तिसऱ्या दिवशी कपड्यांवर. पॉलला कराटेचा पांढरा डगला घालायचा होता. म्हस्कू म्हणाला, खुशाल घाल, मी गळ्यापाशी धरतो. पॉलनं डगला मागं घेतला. म्हस्कूला लंगोट पाहिजे होता, म्हणजे पॉलला धरायला काही उरू नये. पण ही गोष्ट त्याच्या घरी गेली आणि त्याच्या बायकोनं, प्रगतीच्या आईनं, निकाल दिला, "शेचाळीस वर्षांच्या माणसानं बाजारात लंगोटावर फिरायचं न्हाई. पोरगी लग्नाची हाय घरात." लंगोटही गेला.

पंच म्हणून फिलिपसरांना विचारायला सुरज दौंडला गेला. सर मुलांकडून पडायचा सराव करून घेत होते. ते म्हणाले, "लाथ बंद केली की म्हस्कू जिंकला. धरणं बंद केलं की पॉल जिंकला. तुम्ही नियमाला बसलात तिथंच सामना झाला. आता मैदानात कशाला येता?" सुरजला वाटलं सर टाळतायत. तो वरवंडला आण्णांकडं गेला. आण्णा तालमीच्या दारात ताक पीत बसले होते. "त्या दोघांना माझ्या म्होरं उभं कर," ते म्हणाले, "आन् खाली वाकून बुटाची लेस बांधाय सांग. ज्याला आधी बांधता येईल तो भारी. माझी माती मी ह्या तमाशाला देणार न्हाई."

गंमत अशी, की हे दोघं गुरू एकमेकांचे जुने दोस्त. फिलिपसर आपली पोरं पडायला शिकावीत म्हणून तालमीत पाठवायचे, आणि आण्णा आपल्या पैलवानांचे पाय मोकळे व्हावेत म्हणून कराटेच्या क्लासला. म्हस्कूची पोरगी प्रगती दोन्हीकडं जात होती. तिला पोलिस भरतीला उतरायचं होतं. दोन्हीकडं जाऊन तिचा कुठंच खोळंबा झाला नव्हता, हे म्हस्कूच्या डोळ्यांसमोर होतं, पण डोळ्यांसमोरचं बघायची त्याला सवय नव्हती.

नियमांचा कागद शेवटी असा झाला: बुक्की बंद, लाथ बंद, गळा बंद, केस बंद, कमरेखाली बंद, पकडून उचलणं बंद, बोटं मुरगळणं बंद, चावणं बंद. एवढं सगळं गेल्यावर उरली ती ढकलाढकली. पांढऱ्या फक्कीचा गोल आखायचा, आणि जो दुसऱ्याला ढकलून गोलाबाहेर काढील त्याची कला जगात श्रेष्ठ.

इथपर्यंत हसण्यावारी होतं. शुक्रवारी ग्रुपवर वेल्डिंगमधल्या एकानं लिहिलं, 'परका देव, परकी लाथ. मातीतल्या माणसाला शिकवायला निघालेत.' खाली पंधरा-वीस जणांनी अंगठे टाकले. म्हस्कू तेव्हा जेवत होता. त्यानं डाव्या हातानं मोबाइल उचलला, वाचलं, आणि हसऱ्या तोंडाचं चित्र दाबलं. डोळ्यातून पाणी येईपर्यंत हसणारं ते. दाबून परत भाकरीकडं वळला.

भरतीच्या अर्जाचा ओटीपी बापाच्या नंबरवर यायचा म्हणून थोड्या वेळानं प्रगतीनं तो मोबाइल घेतला. ओटीपीच्या आधी तिला ग्रुपवरचा तो मेसेज दिसला. मग म्हणाली, "आप्पा, मागल्या साली माझा पाय मुरगळला तवा फिलिपसर मला घरी सोडाय आले व्हते. हितंच बसले व्हते, तुम्ही बसलाय तिथं."

"मग?"

"तुम्ही हे काय केलंय?"

म्हस्कूनं बघितलं. "आगं गंमत हाय ती. समदेच हसलेत."

"बरं. मग सरांना वाचून दाखवते उद्या. ते बी हसतील."

म्हस्कूनं भाकरी ताटात ठेवली. "सरांचा काय संबंध? ते कराटेबद्दल हाय."

"ह्यात कराटे कुठं हाय, आप्पा?" ती म्हणाली, आणि मोबाइल त्याच्या ताटाशेजारी ठेवून आत गेली.

शनिवारी सकाळी म्हस्कू बसमध्ये चढला तर पॉल नेहमीच्या सीटवर नव्हता. तो शेवटच्या रांगेत खिडकीला बसला होता. "गुड मॉर्निंग, कोकरे," असं म्हणाला आणि बाहेर बघू लागला. अकरा वर्षांत तो कधी कोकरे म्हणाला नव्हता. म्हस्कू रिकाम्या सीटवर बसला. चौफुला गेला, पारगाव गेलं, पूल गेला. कुस्तीचं थोरपण सांगायला शेजारी कुणी नव्हतं. पलीकडच्या माणसाला त्यानं एकदा सांगून पाहिलं. तो माणूस म्हणाला, "बरोबर हाय तुमचं," आणि झोपला. म्हस्कूला इतकं ओकंबोकं कधी वाटलं नव्हतं. आपलं बरोबर आहे हे इतक्या चटकन कुणी मान्य करावं, हेही त्याला सोसेना.

संध्याकाळी घरी जाऊन त्यानं पॉलला फोन लावला. माफी मागायची असं पक्कं ठरवून. तीन रिंगा झाल्या, पॉलनं "हां, बोला" म्हटलं, आणि म्हस्कूच्या तोंडून बाहेर पडलं, "मग, येतोस ना उद्या? का भ्यालास?"

"येतो," पॉल म्हणाला आणि फोन ठेवला.

म्हस्कू फोनकडं बघत बसला. चौतीस वर्षं जे तोंड एकाच कामाला लावलेलं, ते आयत्या वेळी दुसऱ्या कामाला येईना.

रविवारी सकाळी आठला वरवंडच्या बाजारतळावर दोन-अडीचशे माणूस जमलं होतं. दौंडहून तीन जीप भरून आल्या होत्या. वढू बुद्रुककडचा एक लाठीकाठीवाला स्वराज म्हणून गडी मुद्दाम आला होता, आणि दोन्ही कला फालतू, खरी लाठी, असं ज्याला-त्याला धरून सांगत होता. पंच कुणी मिळेना, म्हणून कुशाबाईला पारगावहून बोलावून आणलं होतं. ती कंपनीची शिट्टी गळ्यात घालून आली आणि तिनं दोघांना एकच नियम सांगितला, "शिट्टी वाजली की थांबायचं. न्हाई थांबलं तर मी घरी जानार." फिलिपसर आणि आण्णा कडेच्या हॉटेलात पाठमोरे बसून मिसळ खात होते.

म्हस्कूनं जुनी ट्रॅकपँट घातली होती. पॉल कंपनीच्या निळ्या टी-शर्टात. शिट्टी वाजली. दोघांनी एकमेकांच्या खांद्यावर हात टेकले आणि ढकलायला लागले. लांबून ते दोन बैल एकाच गव्हाणीत तोंड घालून उभे असावेत तसं दिसत होतं. पहिल्या मिनिटात माणसं ओरडली. दुसऱ्या मिनिटाला ओरडणं कमी झालं, कारण हालचाल काहीच नव्हती. मधूनमधून एक पाऊल इकडं, एक पाऊल तिकडं. दोघांचा श्वास मात्र हॉटेलापर्यंत ऐकू जात होता.

कपाळाला कपाळ लागलं होतं. पॉल हळूच म्हणाला, "तो मेसेज वाचलास तू?"

"व्हय."

"आणि हसलास."

म्हस्कूला बोलायला दम नव्हता. तो ढकलत राहिला. ढकलता ढकलता म्हणाला, "जेवत व्हतो मी. बघितलं न्हाई नीट."

"बघितलंस. दाबायला बघावं लागतं."

एवढं ऐकलं आणि म्हस्कूच्या हातातला जोर गेला. पॉलनं लावलेला जोर तसाच पुढं आला. म्हस्कू मागं गेला, त्याचा उजवा गुडघा आत वळला, आणि त्यातून असा आवाज आला की पहिल्या रांगेतल्या माणसांनी डोळे मिटले. पडताना त्यानं पॉलचा टी-शर्ट धरला. दोघं फक्कीच्या रेघेवर आडवे झाले. म्हस्कूचं डोकं गोलाबाहेर, पॉलचे पाय गोलाबाहेर, आणि दोघांच्या मध्ये पांढरी रेघ पुसून गेलेली.

"दोघंबी हारले," कुशाबाई म्हणाली. "उठा."

म्हस्कूला उठता येईना. पण तिकडं कुणाचं लक्ष नव्हतं. आधी डोकं बाहेर गेलं का आधी पाय, यावर दोन तट पडले होते. सुरज मोबाइलमधलं चित्र हळू करून दाखवत होता. पहिल्यांदा बघताना कुस्ती जिंकली, दुसऱ्यांदा बघताना कराटे. तिसऱ्यांदा बघायच्या आत कुणीतरी कुणाच्या तरी थोबाडीत दिली. मग ती थोबाडीत नेमकी कुठल्या कलेतली, यावरही बोलणं झालं. स्वराजला ती लाठीच्या हाताची वाटली.

म्हस्कू मातीत पडून हे सगळं ऐकत होता. आपलं नाव दहा वेळा ऐकू आलं, पण बघायला एकही आला नाही. मिसळ अर्धी टाकून आले ते आण्णा आणि फिलिपसर. आण्णांनी गुडघा दाबून पाहिला. सरांनी बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि टॉवेलनं पायाला आवळून बांधला. काम करताना दोघं एकमेकांशी बोललेसुद्धा नाहीत, हात आपोआप जिथं पाहिजे तिथं जात होते. पॉलनं म्हस्कूला काखेतून धरलं आणि जीपमध्ये घातलं.

दौंडच्या दवाखान्यात एक्स-रेला रांग होती. बाकावर म्हस्कू पाय पसरून आणि शेजारी पॉल. पॉलच्या अंगठ्याला सूज आली होती. समोरच्या भिंतीकडं बघत म्हस्कू म्हणाला, "चुकलं माझं."

पॉलनं रांग किती उरली ते वाकून पाहिलं.

"काल फोन त्याच्यासाठीच केला व्हता."

"फोनवर तू भ्यालास का म्हणालास."

"व्हय. ते बी चुकलं."

पॉलनं अंगठा चोळला. "माझ्या फेथच्या बाप्तिस्म्याला तू मटण घेऊन आला होतास. पहाटे पाचला. माझी आई अजून त्याचं नाव काढते. लिहिणाऱ्याचं नाव माझ्या लक्षातही नाही, म्हस्कू. असली माणसं मी जन्मभर बघतोय. तुझं हसणं तेवढं लक्षात राहिलं."

नर्सनं नाव पुकारलं तेव्हा पॉलच उठला आणि त्यानं चाकांची खुर्ची ढकलली. "आता तरी ढकलू दे नीट" एवढंच बोलला, पण हसला नाही.

गुडघ्यातलं लिगामेंट फाटलं होतं. दीड महिना घरी. पहिल्याच आठवड्यात म्हस्कूनं ग्रुपवर लिहायला घेतलं. सकाळी बसला, दुपारी झालं. 'वेल्डिंगवाल्यानं पॉलभाऊच्या धर्माबद्दल लिहिलं ते वंगाळ होतं. मी त्यावर हसलो ते त्याहून वंगाळ. मी त्याची माफी मागतो. म्हस्कू कोकरे.' टाकलं आणि वाट बघत बसला. पहिलं उत्तर आलं, 'म्हणजे कुस्ती हरली असं समजायचं का?' दुसरं, 'कराटेवाल्यांनी काय दिलं?' तिसऱ्यानं तोच डोळ्यातून पाणी येणारा हसरा चेहरा टाकला. माफीबद्दल कुणीच बोललं नाही. म्हस्कू ग्रुपमधून बाहेर पडला. तो बाहेर पडल्याचा आनंद म्हणून दौंडकडच्या काहींनी फटाक्याची चित्रं टाकली, असं सुरजनं त्याला फोन करून कळवलं. उत्तर द्यायला म्हस्कूची जीभ वळवळली. त्यानं तोंडात तंबाखू धरला आणि गप बसला.

पॉल पहिले दोन रविवार आला नाही. तिसऱ्या रविवारी चर्चमधून परस्पर आला, लेक फेथला घेऊन. प्रगतीच्या आईनं चहा केला. गुडघा, कंपनी, नवा साहेब, कांद्याचा भाव, सगळं बोलून झालं. ज्या विषयावर अकरा वर्षं बोलले त्याच्या आसपासही कुणी गेलं नाही. जाताना पॉल म्हणाला, "बसमध्ये शेजारी कुणीतरी नवीन बसतो. पाटसपासून घोरतो."

"उठवत जा की."

"तू ये आता लवकर."

पावसाळा संपता संपता प्रगतीची भरतीत निवड झाली. आठशे मीटरला ती गटात दुसरी आली. गोळाफेक बरी गेली, पेपर चांगला गेला. म्हस्कूनं गावभर पेढे वाटले, आणि वाटताना कुणी विचारलं नसतानाही सांगितलं, की पोरीच्या अंगात पैलवानाचं रक्त आहे. आण्णांनी पेढा घेतला आणि त्याच्याकडं नुसतं बघितलं, तेव्हा बाकीचं त्यानं गिळलं.

ट्रेनिंगला जाऊन तिला आठवडा झाला होता. तिचा फोन आला तेव्हा योगायोगानं पॉल समोरच बसला होता. म्हस्कूनं स्पीकर लावला. खुशाली झाली. जेवण कसं, पाणी कसं, मैत्रिणी कोण. मग म्हस्कूनं पॉलकडं चोरून एकदा बघितलं. राहवेना.

"व्हय गं, तिथं मारामारीचं शिकवत असतील ना? काय शिकवत्यात म्हंजी? कुस्ती का कराटे?"

पॉलही पुढं सरकून ऐकू लागला.

मग प्रगती म्हणाली, "आप्पा, आठ दिस झाले, अजून बूट पॉलिश करायला आन् रांगेत उभं ऱ्हायला शिकवत्यात. पॉलकाका हायत का तिथं?"

"हायत."

"मग त्यांना जेवून जाय सांगा," ती म्हणाली, आणि तिची शिट्टी झाली म्हणून फोन बंद झाला.